घोंगडीचा वास

दर शुक्रवारी जेवण झालं की मी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढायचो, कपडे बाजूला सारायचो आणि तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेली बाबांची घोंगडी काढायचो. पिशवीचं तोंड नाक जाईल इतकंच उघडायचं, नाक आत खुपसायचं, मोजून दोन श्वास घ्यायचे आणि लगेच गाठ. तिसरा श्वास मी कधी घेतला नाही. उगाच वास उडून जायचा. चुलीचा धूर, तंबाखू आणि जवसाचं तेल. बहरीनमध्ये माझं म्हणून होतं ते एवढंच, बाकी पलंगापासून पंख्यापर्यंत सगळं मालकाचं.

माझ्या खोलीत रत्नागिरीकडचे एक चाचा राहायचे. वयानं माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, मी कामाला होतो त्याच मळ्यावर स्टोअरकीपर. त्यांना वाटायचं, मी पेटीत काहीतरी लपवलंय.

"काय रे, बाटली हाय काय आत? एकटा एकटा घेतंस?" ते विचारायचे.

"तुम्हाला काय करायचंय?" मी खेकसायचो. स्वभाव माझा मुळातच तिरसट, त्यात शुक्रवार, तिकडचा सुट्टीचा दिवस. शुक्रवारी चाचा बुसैतीनला त्यांच्या मेहुण्याकडे जायचे आणि संध्याकाळपर्यंत मी त्या खोलीत एकटा असायचो. एसीचा आवाज आणि मी. मराठी ऐकू यायची ती चाचांच्या तोंडून, आणि चाचा गेले की तीही बंद.

ही नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. झल्लाकच्या अलीकडे एका म्हाताऱ्या अरबाचा मोठा मळा होता. खजूर, थोडा भाजीपाला, आणि मागे कुंपण घातलेला माळ. त्या माळावर त्यानं तीस-पस्तीस हरणं मोकळी सोडली होती. वाळूच्या रंगाची, आपल्या चितळापेक्षा लहान. तिकडे त्यांना रीम म्हणतात. मळ्यावरचे पंप आणि एसी सांभाळायचं काम माझं. दोन वर्षांनी एकदा लीव्ह.

बाबा गेले तेव्हा ती लीव्ह मिळाली नाही. बदली माणूस येईपर्यंत थांब, म्हणाले. थांबलो. गावी पोचलो तेव्हा दोन महिने उलटले होते, जलदान विधीही होऊन गेला होता. घरात बाबांचं काही उरलं नव्हतं. कपडे मायनं वाटून टाकले होते. राहिली होती ती घोंगडी. परत निघताना मायनं ती माझ्या बॅगेवर ठेवली. "ने. तिकडं बी थंडी पडते म्हन्तोस ना," म्हणाली. विमानतळावर बॅगेची चेन उघडली तेव्हा पहिल्यांदा तो वास आला, आणि मी आपला तिथेच लोकांच्या रांगेत उभा राहून रडलो. बाबांसाठी माझं पहिलं रडणं ते.

बाबा तरुणपणी शिकारीला जायचे. आमचं गाव चंद्रपूरकडचं, जंगलाला लागून. बंदीच्या आधीचा काळ. मचाणावर बसून हरीण मारण्यात पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मग त्यांनी धम्म घेतला, आणि पंचशिलातलं पहिलंच शील प्राणी न मारण्याचं. बंदूक त्यांनी ज्याची होती त्या मालकाला परत नेऊन दिली. पण मारणं सोडलं तरी बसणं सोडलं नाही. मला घेऊन नुसते झाडावर बसायचे, हरणं बघायला. माय म्हणायची, "काम ना धंदा, अन् हरिन बांधा." बाबा हसायचे नि घोंगडी धुवायला ओढ्यावर जायचे.

कारण त्यांचं सगळं शास्त्र वासाचं होतं. "मानसाचा वास वाऱ्यासंगं जाते," ते सांगायचे, "सामानाचा वास बसून राह्यते." म्हणून मचाणाचं सामान ते घरात आणतच नसत. दोर, फळी, घोंगडी, पाण्याचा भोपळा, सगळं धुवायचं ते राखेनं, साबण नाही. मग ज्या झाडावर बसायचं त्याचाच पाला चुरगळून चोळायचा, वाऱ्यावर तीन दिवस टांगायचं, आणि चुलीपासून लांब, वाळक्या पाल्यात गाडून ठेवायचं. कांदा-लसूण बंद, डोक्याला तेल बंद. तंबाखू तर त्यांनी त्याच्यापायीच कायमची सोडली होती. झाडावर चढायचं ते सावकाश. "घाम आला का शिकार गेली, बाबू." मचाणावर बाबांच्या कुशीत बसलो की त्यांना कसलाच वास यायचा नाही. पाला आणि माती, बस्स.

तर त्या वर्षी जानेवारीत मळ्यावरच्या एका नर हरणाच्या पुढच्या पायात कुंपणाच्या तारेचा फास अडकला. तार मांसात रुतली, पाय सुजला. मालकानं आधी जीप मागे घातली. कळप उधळला आणि दोन माद्या कुंपणावर आपटून मान मोडून मेल्या. मग जनाबियाहून जनावरांचा डॉक्टर बोलावला. सुदानचा, उंच, शांत माणूस. त्याच्याकडे भुलीची सुई मारायची बंदूक होती, पण तिचा पल्ला कमी. वीस-पंचवीस पावलांच्या आत जनावर यायला हवं. आणि जीपच्या प्रकारानंतर हरणं माणसाचा वास आला की माळाच्या पार टोकाला पळायची. चार दिवस डॉक्टर झुडपाआड बसला. काही नाही. शेवटी मालकानं सांगून टाकलं: शुक्रवारपर्यंत बघा, नाहीतर शनिवारी गोळी घालतो, खलास. पाय सडत चाललाय, तडफडायला नको.

त्या पाचव्या दिवशी, सोमवारी, मी पंपापाशी होतो. डॉक्टर आला, पांढराशुभ्र कोट, गालाला अत्तरासारखं काहीतरी लावलेलं, हातांना डेटॉलचा वास, बंदुकीच्या चामड्याच्या पिशवीला ताजं पॉलिश. मी चक्क हसलो.

"काय झालं?" त्यानं विचारलं. आमची भाषा म्हणजे मोडकं हिंदी, मोडकं इंग्रजी आणि चार अरबी शब्द.

"डॉक्टर, तुमचा वास मला इथून येतोय. हरणाला येणार नाही?"

मग मी त्याला सगळं सांगितलं. माळाच्या कडेला एक जुनं बोराचं झाड होतं. तिकडे त्याला कनार म्हणतात. त्याच्याजवळच माझ्या पाइपचा एक जोड गळायचा, आणि संध्याकाळी हरणं तिथे पाणी प्यायला येत. मी तो जोड मुद्दामच दुरुस्त करत नव्हतो. त्या झाडावर बसायचं. डॉक्टरनं माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "यल्ला. तू सांगशील तसं."

आयुष्यात पहिल्यांदा त्या देशात कोणी मला असं म्हणालं होतं. अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोलू!

डॉक्टरचे दोन जुने सुती झब्बे, माझे दोन जोड, काथ्याचा दोर, बसायची फळी, बंदुकीसाठी गोणपाटाची पिशवी. माळ्यांनी खजुराच्या झावळ्या जाळल्या होत्या, तिथली राख आणली. सगळं खसाखसा धुतलं, बोराचा पाला चोळला आणि खोलीमागच्या दोरीवर टांगलं. बंदुकीच्या लाकडाला पाला, लोखंडाला कोरडी राख. डॉक्टरला सांगितलं, अत्तर बंद, डेटॉल बंद, कांदा बंद. तो इंशाल्ला म्हणाला. मंगळवारी मी दुपारी पंपावर गेलो आणि संध्याकाळी परत येतो तर काय, दोरी रिकामी! चाचांनी धुळीचं वारं सुटलं म्हणून सगळे कपडे आत आणले होते, आणि आत ते बांगडे तळत होते. वर सोबतीला लोबान पेटवलेला, माशांचा वास जावा म्हणून.

"चाचा!" मी असा ओरडलो की त्यांच्या हातातला झारा पडला.

"अरे, तुझ्याच भल्यासाठी आणलं ना! धूळ बसली असती."

"धूळच बसायला पाहिजे होती! बांगड्याच्या वासाला हरीण येतं का कुठं?"

बिचारे ओशाळले. एक दिवस फुकट गेला. पुन्हा राख, पुन्हा पाला. यावेळी सामान जुन्या पंपघरात टांगलं आणि कुलूप लावलं. मीही तिथेच जेवू लागलो, नुसती बाजरीची भाकर आणि दूध. चाचांच्या हातचं लसूण घातलेलं कालवण बंद. खोलीत आलो की त्यांच्यापासून चार हात लांब बसायचो. तीन दिवस आम्ही धड बोललो नाही. एक माणूस बोलायला होता, तोही मी तोडला.

राहता राहिलं पांघरूण. झाडावर पांघरूण लागतंच. तिकडच्या माळावर जानेवारीत वारं हाडात शिरतं, डॉक्टर कुडकुडला तर बंदूक हलणार. शिवाय दोन माणसं आणि एक नळी झाकायला काहीतरी काळं, बिनआवाजाचं हवं. माझ्याकडे कोरियन कंबल होतं. ते सरकलं की चरचरायचं, कोरड्या हवेत त्यातून ठिणग्या उडायच्या. लोकरीची घोंगडी हवी होती. आणि घोंगडी माझ्या पेटीत होती.

बुधवारी मी ती काढली. बाबांचा नियम मला पाठ होता. धुतल्याशिवाय झाडावर न्यायची नाही. राखेची बादली समोर ठेवून मी अर्धा तास बसलो. हात पुढे जाईना. मनाला समजावलं, एवढ्याशा वासानं काय होतंय, वारा तर समोरून आहे. आणि तशीच घेऊन गेलो.

दुपारी तीनला सावकाश चढलो, घाम येऊ दिला नाही. डॉक्टर पुढे, मी मागे, दोघांवर घोंगडी. ऊन उतरलं. कळप आला. नर सगळ्यांत मागे, तीन पायांवर लंगडत, चौथा पाय उचललेला. पन्नास पावलं. चाळीस. डॉक्टरनं श्वास रोखला. तीस पावलांवर नर थांबला. तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत उलटा फिरला, झाडावरून त्याच्याकडे. त्यानं मान वर केली. नाकपुड्या फुलल्या. नाकातून एकदाच फुसकारला, आणि त्या दुखऱ्या पायानंसुद्धा असा उधळला की मागे नुसती धूळ राहिली.

"काय झालं?" डॉक्टरनं हळूच विचारलं.

"वारा," मी म्हणालो.

वारा! मला माहीत होतं काय झालं ते. माझ्या दोन श्वासांच्या चैनीसाठी मी त्या मुक्या जनावराच्या जिवावर उठलो होतो. खाली उतरल्यावर डॉक्टरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, माफी मुश्किल, म्हणजे काही हरकत नाही, उद्या नाही तर परवा, म्हणाला. त्याचा तो चांगुलपणा मला जास्त लागला. बाबा असते तर झाडावरूनच कानाखाली वाजवली असती.

गुरुवारी पहाटे उजाडायच्या बेताला मी पंपघरामागे घोंगडी पसरली. त्याआधी पिशवीत तोंड घालून श्वास घेतले, यावेळी मोजले नाहीत. मग राख टाकली, पाणी ओतलं आणि पायांनी तुडवायला लागलो. काळं पाणी वाहिलं, मग करडं, मग निवळ. मी मोठ्यानं रडत होतो. ऐकायला कोण होतं? पालाही चोळला, पिळली आणि वाऱ्यावर टाकली. दुसरं काही पांघरूण चाललं नसतं का? कदाचित चाललं असतं. दोन-चार जुनी गोणपाटं शिवून घेता आली असती. हे मी स्वतःला आजही विचारतो. पण त्या सकाळी मला दुसरं काही सुचलं नाही, आणि हातात दोनच दिवस होते.

लोकर एका दिवसात वाळत नाही. गुरुवार गेला. शुक्रवारी दुपारी कडा अजून दमट होत्या, तशीच घेतली. तीनला झाडावर. पाच वाजता कळप आला. वारा त्या दिवशीही दोनदा फिरला. नरानं मान वर केली, आमच्याच दिशेनं बघितलं. आणि मान खाली घालून पुढे आला. तीस. पंचवीस. अठरा पावलांवर तो माझ्या गळक्या पाइपाला तोंड लावून पाणी पिऊ लागला. डॉक्टरच्या बंदुकीचा फट्ट एवढाच आवाज झाला.

दहा मिनिटांनी तो वाळूत बसला, मग आडवा झाला. आम्ही उतरलो. डॉक्टरनं पक्कडीनं तार तोडली, जखम साफ केली, इंजेक्शनं दिली. नराचं डोकं माझ्या मांडीवर होतं. एवढंसं, गरम. "पाय वाचेल," डॉक्टर म्हणाला. मालकानं लांबून गाडीतूनच हात वर केला. बाबांना हे सांगायला हवं होतं असं इतकं वाटलं! शीलही मोडलं नाही आणि शिकारही झाली, म्हणालो असतो.

खोलीत आलो, घोंगडी घडी केली. सवयीनं पिशवीत घातली आणि सवयीनंच नाक खुपसलं. पाला आणि राख. पुन्हा हुंगलं. पाला आणि राख. पलंगावर बसलो आणि मग काही आवरलं नाही. त्यात चाचा बुसैतीनहून परत आले. त्यांना वाटलं, गावाकडून वाईट खबर आली. मी कसंबसं सांगितलं, पेटीत बाटली नव्हती, बापाचा वास होता, आणि तो मी धुऊन टाकला. त्यांनी चेष्टा केली नाही. स्टोव्ह पेटवला, चहा केला, माझ्या हातात दिला आणि शेजारी बसले.

"मायला फोन कर," ते म्हणाले. "बापाचं आणि काय राहिलं असंल तर मागव. माझा भाचा जातोय मुंबैला पुढच्या महिन्यात."

गावात फोन एकच, किराणा दुकानात. आधी सांगून ठेवावं लागायचं, मग माय येऊन बसायची. पुढच्या शुक्रवारी लावला. मायला फोनवर ओरडून बोलायची सवय, जणू आवाज तिथून स्वतःच बहरीनला यायचा होता.

"माय, बाबांचं काही कापड हाय का घरी? न धुतलेलं?"

"काहून रे?"

मी सांगितलं. हरीण, झाड, घोंगडी, सगळं. वासाचंही. ती चक्क हसली.

"अरे येड्या, तुह्या बापाच्या घोंगडीले कधी वास होता का? जनमभर राखेनं घासघासून धुतली त्या मानसानं. अन् तंबाखू कधीची सोडली व्हती त्यानं, तुले मालूम नाही?"

"मग तो वास?"

"ते मी पांघरत होती ना बापा. थो गेला तशी. झोपच नाही लागे. तू येईपर्यंत दोन महिने मीच पांघरली. गुडघ्याले तेल लावून बसो चुलीपाशी, अन् तोंडात जराशी तंबाखू. तुह्या बापासमोर कधी खाल्ली नाही म्या."

दीड वर्ष मी जो हुंगत होतो तो बाप नव्हता. ती माझी जिवंत माय होती, दोन महिने घरात एकटी बसलेली, माझी वाट बघत. आणि मी बदली माणसाची वाट बघत इकडे बसलो होतो. मी घाईघाईनं म्हणालो, माय, मी येतो, लीव्ह टाकतो.

"ये ना," ती म्हणाली, "म्या कुठं नाही म्हन्लं."

लीव्ह मे महिन्यात मिळाली. घोंगडी बरोबर घेतली, पिशवीशिवाय. सगळ्या वाटेवर माझ्या डोक्यात एकच होतं. दारात पोचायचं, मायला मिठी मारायची आणि नाक तिच्या खांद्यात खुपसायचं. चुलीचा धूर, तंबाखू, जवसाचं तेल. श्वास मोजायचे नाहीत.

आता एक सांगायला हवं. मी तिकडून कोणी येणारा असला की मायला पार्सल पाठवायचो. वासाचे साबण, पावडर, बाम. सगळेच पाठवायचे. ती ते कधी वापरायची नाही, लुगड्यांच्या पेटीत ठेवून द्यायची. "तू आलास का काढीन," म्हणायची. मी रागवायचो, अगं वापरायला पाठवतो ना!

मी दारात पोचलो तेव्हा ती उंबऱ्यातच उभी होती. नवं लुगडं, केस अजून ओले, चापून बसवलेले. बॅग टाकून मी तिला मिठी मारली आणि दीर्घ श्वास घेतला. गुलाब. नुसता गुलाब. मनामाच्या दुकानातून मी स्वतः निवडून आणलेल्या साबणाचा.

"सकाळीच काढला," ती माझ्या कानाशी म्हणाली. "दोनदा अंग धुतलं. कसा येते वास, सांग बरं?"

"लय भारी येते, माय," मी म्हणालो.